हकीकत शामा गाडीच्या मानाच्या स्क्रूची

श्रीगजाननास वंदन, घाटमाथ्यावरील कुलस्वामिनीस दंडवत, आणि ज्यांच्या पोटी अग्नी कोंडला असता जग पुढे सरकते त्या चार सिलिंडरांस त्रिवार मुजरा. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष आणि पौष हे दोन मास, यांत घाटाखालील एका मुलखात जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. मुलखाचे नाव पुसू नये. लिहिणारा कोण तेही पुसू नये, कारण लिहिणारास त्याच भाऊबंदकीत पंक्तीस बसणे आहे आणि आमटी वाढणारांशी वैर परवडत नाही.

मुलूख म्हणावा तर घरामागील पत्र्याची शेड, पूर्वेस नारळ, पश्चिमेस विहीर, उत्तरेस शेजाऱ्याचे कुंपण, ज्यापायी नित्य तंटा. या मुलखाचे धनी भालचंद्रपंत उकिडवे, पाटबंधारे खात्यातून सन्मानाने निवृत्त, धरणाच्या दरवाजास न भिणारे आणि वडील माणसापुढे मान खाली घालणारे. त्यांचे कुटुंब कालिंदीबाईसाहेब, राज्य खरे त्यांचेच. आणि सिंहासनी विराजमान शामा. शामा म्हणजे पंतांच्या तीर्थरूपांनी घेतलेली काळी विलायती मोटार, पुढे गोल डोळे, मागे ऐसपैस बैठक, दार लाविले असता तिजोरी लाविल्यासारखा आवाज. घरच्या लेकी तिच्यातून सासरी गेल्या, सुना तिच्यातून माहेरी जाऊन बाळंत होऊन आल्या, आणि दर साल पौषात शाकंभरी पौर्णिमेस उकिडव्यांची स्वारी तिच्यातूनच घाट चढून देवीच्या दर्शनास जात असे. आजूबाजूस नव्या गाड्या पुष्कळ झाल्या, परंतु शामा निघाली म्हणजे रस्त्यावरील माणूस थांबून पाहतो. ही गोष्ट लिहिताना आजही लिहिणाराची छाती फुगते, ती का लपवावी!

परंतु गतवर्षी घात जाहला. निम्म्या घाटात शामेने दम टाकिला, मागून धूर, पुढून वाफ, आणि बसली ती बसलीच. मग वरून फ्लॉवर घेऊन उतरणारा टेम्पो थांबविला, त्यास दोर बांधिला, आणि शामा त्याच्यामागे फरफटत माघारी आली. आत पुढील बैठकीवर कोण, तर पंतांचे थोरले चुलते तात्यासाहेब, घराण्यातील सर्वांत वडील, काळी टोपी, इस्त्रीचा कोट, हाती देवीच्या ओटीचे तबक. वळणावरील चहाच्या टपरीपाशी लोक उठून उभे राहिले, हसले, आणि मोबाईल वर केले. तात्यासाहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढिली. घरी येऊन तबक देवापुढे ठेविले आणि फर्माविले की, "पुढल्या पौर्णिमेला हिने स्वतःच्या पायांनी घाट चढावा. चढली तर राहील. नाही चढली तर त्या हॉटेलवाल्याला देऊन टाका. माझी अब्रू टेम्पोला बांधून फिरवायची नाही मला." हॉटेलवाला म्हणजे महामार्गावरील एक उमदा गृहस्थ. त्याचा मनसुबा असा की, शामा दारात उभी करावी, इंजिन काढून टाकावे, बॉनेट कायमचे उघडे ठेवून आत माती भरावी आणि झेंडू लावावे, म्हणजे गिऱ्हाईक फोटो काढील. हे ऐकून पंतांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि कालिंदीबाईसाहेब म्हणाल्या, "माती भरायचीच असेल तर आधी माझ्या डोक्यात भरा."

मग पंतांनी खाडीकाठाहून इसाकभाई परकार यांस बोलाविले. इसाकभाई म्हणजे जुन्या इंजिनांचे सेनापती. त्यांच्या वालिदांनीही शामेची सेवा केलेली, म्हणून हे नाते दोन पिढ्यांचे. गडी तापट, परंतु हात असा की गंजलेला नट त्यांस पाहून आपण होऊन सैल व्हावा. त्यांनी इंजिन बाहेर काढिले, पार हाडापर्यंत उघडिले, सिलिंडर आतून कातून नवे बोअर करविले, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह हाताने घासून बसविले, बेअरिंगे बदलिली, आणि प्रत्येक नट आपल्या हाताने आवळिला. ऐसे करिता पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मार्गशीर्षात इंजिन पुन्हा आपल्या जागी चढले. तो दिवस शेडमध्ये सणासारखा जाहला, नारळ फुटला, पेढे वाटिले.

आता राहिला कार्बुरेटर. ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. इंजिनास पेट्रोल लागते आणि हवा लागते, परंतु या दोघी जावा. एकीस अधिक दिले की दुसरी रुसते. पेट्रोल अधिक झाले तर इंजिन काळा धूर ओकते आणि जड होते, हवा अधिक झाली तर टिचक्या देते, खोकते आणि चढणीवर पाय मागे घेते. दोघींचे नीट जमवून देणारा कारभारी तो कार्बुरेटर, आणि त्या कारभाऱ्याचा कान म्हणजे त्याच्या अंगावरील एक लहानसा स्क्रू, मिश्रणाचा. तो आत घेतला की पेट्रोल कमी, बाहेर काढिला की जास्ती. बाकी इंजिन कितीही बलाढ्य असो, हा तिळाएवढा चुकला तर सर्व दौलत फुकट.

इसाकभाईंनी इंजिन चांगले तापविले, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेला, मग दीड फेरा बाहेर काढिला, आणि मग डोळे मिटून ऐकू लागले. किंचित बाहेर, थांबले. किंचित आत, थांबले. मध्ये कोणी शिंकला तर त्यास शेडबाहेर घालविले. मग प्लग काढून पाहिले, तो त्यांचा रंग भाजल्या खोबऱ्यासारखा, जैसा असावा तैसा. पुन्हा प्लग बसवून इंजिन सुरू केले आणि बॉनेटावर पाण्याचा पेला ठेविला, तो पाणी हलेना. पंत गहिवरून म्हणाले, "इसाकभाई, आमचे वडील असते तर तुम्हाला मिठी मारली असती." इसाकभाई म्हणाले, "मग तुम्ही मारा की, तुम्हाला कोण नको बोलतोय?" आणि दोघे काळ्या हातांनी भेटले, आणि पंतांचा सदरा जो गेला तो गेलाच.

येथवर सर्व शुभ. परंतु उकिडव्यांच्या घराण्यात एक चाल आहे, ती 'हात लावण्याची'. मांडवाची मेढ उभी करावयाची, त्यास सर्व वडिलांनी हात लावावा; लोणच्याची बरणी भरावयाची, त्यात प्रत्येकाने चिमूट मीठ घालावे; हात राहिला तर तो अपमान, आणि अपमान झाला तर तो नातवंडांस शिकविला जातो. मागे एकदा पंतांच्या भगिनीचे यजमान पद्माकरराव यांचा मीठ घालण्याचा मान चुकला, तर त्यांनी दोन दिवाळ्या या घराची पायरी चढली नाही आणि लोणचे खराब निघाले तेव्हा पेढे वाटिले. तेव्हा इंजिन उभे राहिल्याची वार्ता फुटताच मानकरी येऊ लागले, आणि हात लावावा कशास, तर स्क्रूस, कारण कामकाज त्याचेच चालले होते. प्रथम तात्यासाहेब आले, स्क्रू किंचित फिरविला, "शुभं भवतु" म्हणाले आणि गेले. मग त्यांचे धाकटे बंधू नानासाहेब आले. यांस ऐकू कमी. त्यांनी कानातील यंत्र इंजिनाजवळ नेले, ते किंचाळले, म्हणून इंजिनातच दोष आहे ऐसे ठरवून अर्धा फेरा उलटा दिला. मग पद्माकरराव आले. त्यांनी मोबाईलवर पुष्कळ व्हिडिओ पाहिलेले. त्यांनी एक फेरा आत, दोन बाहेर, पुन्हा एक आत, ऐसा आवाहन-विसर्जन विधी केला आणि म्हणाले, "आता बघा, पिकअप कसा येतो!" पिकअप तो आलाच नाही, काळा धूर मात्र कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या वाळवणावर गेला, आणि जुन्या तंट्यास नवे कलम लागले.

इसाकभाईंनी पुन्हा बसविले. दुसरे दिवशी पुन्हा मानकरी. पुन्हा बसविले, पुन्हा मानकरी. एके दिवशी तर शामा सुरूच होईना. तेव्हा इसाकभाईंनी हातातील स्क्रू-ड्रायव्हर भिरकाविला तो विहिरीत पडला, आणि गर्जले, "पंत, हा स्क्रू हाय की देवळातली घंटा? येणारा-जाणारा वाजवून जातो! आणखी एकाचा हात लागला तर मी चाललो. मग तुमची गाडी आणि तुमचे झेंडू!" पंत म्हणाले, "इसाकभाई, तुमचं खरं आहे. पण वडिलांना नको कसं म्हणू?" इसाकभाई म्हणाले, "तोंडानं म्हणा." पंत म्हणाले, "तेच तर जमत नाही." मग एक पायरीवर बसला, एक विहिरीच्या काठी, आणि पौर्णिमा जवळ आली.

ते समयी कालिंदीबाईसाहेब चहा घेऊन शेडमध्ये आल्या, सर्व ऐकिले, आणि म्हणाल्या, "भांडता कसले? त्यांना स्क्रू नकोय, मान हवाय. मान वेगळा द्या, स्क्रू वेगळा ठेवा." आणि मग देवघरातून जुन्या मोडक्या समईचा वरचा पितळी तुकडा आणिला, ज्यास खाली आटे असतात. इसाकभाईंनी तो पाहिला, बाईसाहेबांकडे पाहिले, आणि हसू लागले, ऐसे हसले की खोकला लागला. मग त्यांनी बॉनेटखाली, कार्बुरेटरच्या वरच्या बाजूस, पत्र्यास छिद्र पाडिले, मागे नट लाविला, आणि तो पितळी तुकडा त्यात बसविला, ऐसा की फिरविला तर फिरावा, परंतु कोठे जाऊन भिडू नये. बाईसाहेबांनी तो चिंचेने घासून झळाळविला, हळदकुंकू वाहिले, आणि खऱ्या स्क्रूवर इसाकभाईंनी ग्रीस आणि धूळ फासली, म्हणजे कोणाची नजर जाऊ नये. पंत म्हणाले, "ही तर फसवणूक झाली." बाईसाहेब म्हणाल्या, "मग तोंडानं नाही म्हणा." पंतांनी चहा घेतला आणि मानकऱ्यांची यादी करावयास घेतली.

मग सर्व मानकऱ्यांस आमंत्रण गेले की, शामेस मानाचा स्क्रू बसविला आहे, येऊन हात लावावा. सर्व आले, आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने उभे राहिले. तात्यासाहेबांनी फिरविला, बोट पुसले आणि खुर्चीवर जाऊन बसले, ते बोलतात कमीच. नानासाहेबांनी फिरविला आणि यंत्र काढून ठेवून म्हणाले, "वा! आता सुरात आली." पद्माकररावांनी पुष्कळ फिरविला, मान वाकडी करून ऐकिले, आणि म्हणाले, "मी म्हणत होतो ना, सेटिंगच चुकलं होतं!" इंजिन तर पहिल्यापासून एकाच लयीत चालले होते. इसाकभाई पाठ करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते, आणि लोक समजले की गडी आनंदाने रडतो आहे.

पौषी पौर्णिमेस स्वारी निघाली. शामेस झेंडूचे तोरण घालावयाचे होते, ते पंतांनी रद्द केले आणि शेवंती घातली. चक्रावर खासे पंत, शेजारी तात्यासाहेब, मागे कालिंदीबाईसाहेब, इसाकभाई आणि ओटीचे तबक. लिहिणारा मागे कोपऱ्यात, नारळांच्या पिशवीसह. मागोमाग जीपमध्ये नानासाहेब, पद्माकरराव आणि इतर आप्त. निघताना तात्यासाहेब म्हणाले, "भाल्या, पडलो तर सगळ्यांदेखत पडू. चल." आणि शामा चालली. काय चालली म्हणून सांगावे! पहिली चढण हसत घेतली, दुसरी गात घेतली, टपरीपाशी आली तो तेच लोक, तेच बाक. तात्यासाहेब सरळ समोर पाहत बसले, टोपी तेवढी नीट केली, आणि शामा त्यांच्यापुढून ऐसी निघून गेली की एकाच्या हातचा चहा बशीत सांडला.

परंतु घाटाच्या वरच्या अंगास, माथा दृष्टीस पडला असता, शामा जड जाहली. एक उचकी दिली, मग दुसरी, आणि मागे काळा धूर. पंतांनी गाडी कडेस घेतली, परंतु इंजिन बंद केले नाही, कारण बंद केले तर पुन्हा होईल याचा भरवसा नाही. लिहिणारा उडी टाकून पुढच्या चाकामागे दगड लावून बसला, म्हणून पुढील भाषण त्याने आपल्या कानांनी ऐकिले. इसाकभाईंनी बॉनेट उघडिले आणि हळूच म्हणाले, "वर हवा विरळ हाय. पेट्रोल जास्ती होतंय. किंचित आत घ्यायला पाहिजे, पण मला शांतता द्या." शांतता कोठून येणार! जीप थांबली, मानकरी धावत आले, आणि बॉनेटास गराडा पडला. नानासाहेब म्हणाले, "मी फिरवतो, माझ्या हातानं सुरात येते." पद्माकरराव म्हणाले, "तुम्ही सरा, हे टेक्निकल आहे." आणि त्यांनी मोबाईलचा उजेड आत टाकिला, आणि ग्रीसखाली काही चकाकले, आणि ते बोट पुढे करून म्हणाले, "अरे, हा आणखी एक स्क्रू दिसतोय! हाच ढिला असणार." त्यांचे बोट आणि खरा स्क्रू यांत वीतभर अंतर उरले. इसाकभाईंच्या तोंडचे पाणी पळाले, कालिंदीबाईसाहेबांनी डोळे मिटले, आणि शामेने तिसरी उचकी दिली.

ते समयी तात्यासाहेब गाडीतून उतरले, गर्दीत शिरले, आणि आपला हात पितळी मानाच्या स्क्रूवर घट्ट ठेविला, आणि ऐसे गर्जले की दरीतील पाखरे उडाली. "मागे व्हा! वडील मी आहे. मी हात लावला आहे. मी हात काढीपर्यंत कोणी बॉनेटापाशी यायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. पद्माकर, तो उजेड बंद कर." सर्व मागे सरले, कारण चाल ती चाल, वडिलांचा हात असता दुसऱ्याचा हात लागत नाही. मग तात्यासाहेब खाली वाकले, आणि ओठ न हलविल्यासारखे करून म्हणाले, "इसाक, हा कुठेच जात नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलंय. खऱ्याखाली स्प्रिंग असते, तो बोटाला उलट बोलतो. हा मुकाट फिरतो. तुझा तू फिरव. घाई करू नको. मी उभा आहे."

इसाकभाईंनी खिशातून लहान स्क्रू-ड्रायव्हर काढिला, डोळे मिटले, आणि केसभर आत घेतला. थांबले. ऐकिले. पुन्हा केसभर आत. इंजिनाने एक घोगरा आवाज काढिला, मग गळा साफ केल्यासारखा केला, आणि मग धूर पांगला आणि जुनी लय आली. इसाकभाईंनी लगेच मान हलविली नाही, त्यांनी आणखी ऐकिले, किंचित बाहेर घेतला, पुन्हा ऐकिले. तोवर इंजिनाच्या आचेने पितळ तापले होते, आणि तात्यासाहेबांची बोटे त्यावर होती, आणि त्यांनी ती काढिली नाहीत. इसाकभाई "झालं" म्हणाले तेव्हाच काढिली आणि खिशात घातली. कालिंदीबाईसाहेबांनी ते पाहिले, पाण्याची बाटली उघडून त्यांचा हात ओढून घेतला, आणि म्हणाल्या, "कळलं होतं, तर तेव्हाच का बोलला नाहीत?" तात्यासाहेब म्हणाले, "मान कुणाला नको असतो, सूनबाई? आणि तुझी समई छान दिसत होती." पंतांनी हे ऐकिले, आणि वडिलांपुढे मान खाली घालणारा तो पुरुष प्रथमच मान वर करून हसला.

मग शामा पुन्हा चालली, आणि उरलेली चढण तिने ऐसी घेतली की मागील जीप दिसेनाशी जाहली, आणि माथ्यावर थंड वारा लागला, आणि देवळाच्या दीपमाळेपाशी येऊन ती आपल्या बळावर उभी राहिली. कोणी दोर बांधिला नाही, कोणी ढकलिले नाही. तेवढ्यात पंतांचा फोन वाजला. हॉटेलवाला पुसत होता की, काय ठरले, माती मागवू काय. पंत काही बोलावयाच्या आत तात्यासाहेबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "उकिडव्यांच्या घरचा मोठा बोलतोय. झेंडू कुंडीत लावा," आणि ठेविला. मागाहून जीप आली आणि पद्माकरराव सर्वांस सांगू लागले की आपण उजेड धरिला म्हणून दोष सापडला, आणि त्यांस कोणी खोडिले नाही, त्यांस पहिला पेढा दिला. देवळाचा पुजारी नवा, नुकताच नेमलेला. तो बाहेर येऊन शामेभोवती फिरला, हात लावू की नको ऐसे करीत राहिला, आणि म्हणाला, "काय देखणी गाडी! कुणाची हो?" तेव्हा तात्यासाहेब, नानासाहेब, पद्माकरराव, पंत आणि कालिंदीबाईसाहेब सर्वांनी एका तोंडाने सांगितले, "आमची!" आणि त्यांत सर्वांहून मोठा आवाज इसाकभाई परकार यांचा होता.

ऐसे हे शामेचे घाटारोहण. इंजिन इसाकभाईंनी उभे केले, युक्ती बाईसाहेबांनी केली, चक्र पंतांनी धरिले, आणि वेळ पडली तेव्हा तात्यासाहेबांनी हात काढिला नाही. झेंडूंस दुसरी जागा मिळाली, शामा आपल्या शेडमध्ये सुखरूप आहे. लिहिणाराने दगड लाविला होता, तेवढे ध्यानी असावे. इति.